कॅडिस माशीच्या नावातील ‘कॅडिस’ म्हणजे डबी का?

कॅडिस माशी या कीटकाची पाण्यातली अळी डबीसारख्या नळीत राहते म्हणून तिला कॅडिस म्हणतात हे खरे का, आणि ही खरोखर माशी आहे का, असे आपण विचारले आहे. डबीची व्युत्पत्ती मी चुकीची मानते. १२ वर्षांपूर्वी एका निसर्गनिरीक्षण शिबिरात याच मुद्द्यावरून मला सर्वांसमोर गप्प बसवण्यात आले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ओढ्यातला दगड उलटा करून मार्गदर्शकांनी वाळूच्या कणांची एक नळी चिमट्यात धरली आणि सांगितले की चहाच्या डब्याला इंग्रजीत ‘कॅडी’ म्हणतात, त्यावरूनच ‘कॅडिस’ आले. मी म्हणाले, चहाचा ‘कॅडी’ हा मलाय भाषेतील ‘काती’ या वजनाच्या मापावरून आलेला शब्द आहे. ‘कॅडिस’ हे लोकरीच्या सुताचे आणि त्याच्या फितीचे जुने इंग्रजी नाव असून, शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधील फेरीवाल्याच्या मालातही ते आहे. त्यावर त्यांनी, हा भाषेचा तास नाही, असे बजावले. थोड्याच वेळात दुसऱ्या दगडाखाली हायड्रोसायकिडी या कॅडिस माश्यांच्याच एका कुळातील अळी सापडली. ही अळी प्रवाहात जाळे ताणते, त्यात अडकलेले अन्न खाते आणि दगडाला चिकटवलेल्या आडोशात राहते. पाठीवर वागवायची नळी तिच्याकडे नसते. “मग हिची डबी कुठे आहे?” असे मी विचारले. उत्तर मिळाले नाही, आणि पुढच्या दगडाकडे चला, असे सर्वांना सांगण्यात आले.

या कीटकाचे सारे जगणे धाग्यावर चालते. खालच्या ओठाशी उघडणाऱ्या ग्रंथींतून अळी जे रेशीम काढते ते पाण्याखालच्या ओल्या दगडालाही चिकटते, आणि त्याच रेशमाने कोणी वाळू जोडते, कोणी पानांचे तुकडे, कोणी काड्या. रायकोफिला या कॅडिस माश्यांच्याच आणखी एका गटातील अळी तर घराशिवाय मोकळी हिंडते, पण कोषावस्थेत जाण्यापूर्वी तीही खडे रेशमाने जोडून आडोसा बांधते. धागा सर्वांकडे आहे, नळी सर्वांकडे नाही. म्हणून सुताचा अर्थ मला या कीटकाला अधिक शोभणारा वाटतो.

माशी म्हणाल तर ती नव्हे. माशीला दोन पंख असतात, हिला चार, आणि त्यांवर बारीक केस असतात. विल्यम किर्बी यांनी १८१३ मध्ये दिलेल्या ‘ट्रायकॉप्टेरा’ या ग्रीक शब्दांवरून घडवलेल्या नावाचा अर्थही ‘केसाळ पंखांचे’ असाच आहे. तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे पतंग आणि फुलपाखरे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सुताचे नाव कीटकाला नेमके कोणत्या वाटेने मिळाले यावर एकमत नाही. या अळीला इंग्रजीत ‘कॉडवर्म’ असेही जुने नाव होते आणि ‘कॉड’ म्हणजे शेंगेचे टरफल, त्यामुळे आवरणाचा अर्थ त्या बाजूने आला असणे शक्य आहे. पण चहाच्या डब्यातून तो आलेला नाही.

पुन्हा कोणी डबीचा दाखला दिलाच, तर जिवंत अळीला नळीतून ओढून काढू देऊ नका. रिकामी नळी घेऊन उभी चिरा आणि भिंगाखाली धरा. वाळूचे कण ज्याला चिकटले आहेत ते आतले रेशमी अस्तर त्यांना दाखवा.