‘४ वर्षं अपडेट’ म्हणाले, पहिल्याच वर्षी थांबले

प्रश्न : १४ महिन्यांपूर्वी नवा फोन घेतला. खोक्यावर ‘४ वर्षं अपडेट’ असं ठळक छापलं होतं. आजही सिस्टीमची आवृत्ती तीच आहे आणि शेवटचा सुरक्षा पॅच (सिस्टीममधली धोक्याची भोकं बुजवणारा छोटा अपडेट) येऊन ९ महिने झाले. इतरांच्या फोनमध्ये अ‍ॅपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटो देता येतात, फोन बंद असला तरी शोधता येतो. माझ्याकडे यातलं काहीच नाही. आता बँकेच्या अ‍ॅपनेही ‘तुमची सिस्टीम लवकरच चालणार नाही’ अशी सूचना दिली आहे. कंपनी म्हणते, वॉरंटी १ वर्षाची होती, ती संपली. इतकी मागासलेली सिस्टीम विकल्याबद्दल तक्रार करता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यातली एक हरणारी आहे आणि नेमका तिचाच तुम्हाला जास्त राग आलेला दिसतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ म्हणजे दर्जातली उणीव. पण ही उणीव मोजायची ती कायद्याने घालून दिलेल्या मानकाशी, कराराशी किंवा विकणाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याशी ताडून. दुसऱ्या कंपनीच्या फोनचं त्यात नाव नाही. निवडक फोटोंची सोय तुम्हाला कुणी कबूल केली नव्हती. ती यादी तक्रारीतून काढून टाका, नाहीतर समोरचा वकील तेवढीच वाचून दाखवेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

खोक्यावरची ती ओळ मात्र सोन्यासारखी आहे. तो विकणाऱ्याचा दावा आहे. खोटा ठरला तर दोष तर होतोच, शिवाय दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा हे मुद्देही उभे राहतात. ‘वॉरंटी संपली’ हे त्यावर उत्तर नाही. ४ वर्षांचा शब्द १ वर्षाच्या वॉरंटीबरोबर कसा संपेल?

पण खोक्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. ‘अपडेट’ म्हणजे नवी आवृत्ती की फक्त सुरक्षा पॅच? फक्त पॅच कबूल केले असतील तर आवृत्ती जुनी राहिली याची तक्रार टिकणार नाही, ९ महिन्यांच्या खंडाची टिकेल. दुसरी मेख अधिक वाईट. बऱ्याच कंपन्या ही वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. मॉडेल जुनं असेल आणि ही अट तिथे छापलेली असेल, तर तुमच्या वाट्याला ४ वर्षं येणारच नव्हती. अट कुठेच दिसत नसेल, तर ते ठासून लिहा.

बिल आणि खोकं जपून ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा पॅचची तारीख दिसते, तिचा स्क्रीनशॉट दर महिन्याला घ्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आधी कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी नोटीस, १५ दिवसांच्या मुदतीची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कधी कधी तेवढ्यातच काम होतं. नाहीतर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, वकील लागतोच असं नाही. मुदत २ वर्षांची. ती पॅच थांबल्यापासून धरावी असं मी आयोगासमोर म्हणेन, पण तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे हातात १० महिने आहेत. मागणी अशी ठेवा : कबूल केलेले अपडेट द्या, नाहीतर पैसे परत. १४ महिने वापरलेल्या फोनचे पूर्ण पैसे मिळतील असं धरून चालू नका.

नोटीस गेल्यावर कंपनी घाईघाईने एखादी जड आवृत्ती पाठवून मोकळी होऊ शकते. जुन्या फोनचा वेग मंदावणाऱ्या अपडेटबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड केला होता. तेव्हा अपडेट आलाच तर तो घेण्याआधी बॅकअप काढा आणि फोन आता किती वेगाने चालतो याचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. आणि बँकेचं अ‍ॅप तोवर या फोनवरून काढून टाका.