विहिरीत टीसीएल किती टाकावी? ती नसेल तर कपड्यांचं ब्लीच चालेल का?

पावसाळ्यात पिण्याच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीन आणि चुन्याची पावडर, किती टाकायची आणि ती नसेल तर घरातलं कपड्यांचं ब्लीच चालेल का, असं तुम्ही विचारलंय. ब्लीच टाकू नका. जंतू मारणारं क्लोरीन दोन्हींत असतं, पण कपड्यांच्या बाटलीत सुगंध आणि इतर रसायनंही असू शकतात.

आधी पाणी मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, म्हणजे लिटर. दर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर, म्हणजे साधारण 70 ग्रॅम.

ही मात्रा ताज्या पावडरीची, जिच्यात सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातं, भुकटी मात्र पांढरीच दिसते. डबा उघडल्यावर नाकाला झणका बसत नसेल तर तिच्यावर विसंबू नका.

पावडर कोरडी कधीच भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी सरबरीत करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, दोराने पाण्याखाली सोडा आणि वरखाली, आडवी हलवत सगळीकडे पसरवा. तळातला साका विहिरीत गेला तर पाणी जड होतं, म्हणून तो बाहेर फेका. हीच पायरी लोक सर्रास गाळतात.

तासभर उपसा बंद ठेवा, मग ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरलंय का ते बघा. पिवळसर झाक आली नाही तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडलंय. आणखी निवळी सोडा. पाणी गढूळ असेल तर हे हमखास होतं, म्हणून गाळ खाली बसल्यावरच हे काम करावं.

ही पावडर मुळात कापडासाठी आली. पूर्वी युरोपात तागाचं कापड आठवडेच्या आठवडे उन्हात गवतावर पसरून पांढरं करत. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी चुन्यात क्लोरीन मुरवून कोरड्या पावडरीचं पेटंट घेतलं. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी सहकारी डॉक्टरांना याच क्लोरीन मुरवलेल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडची टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम: उष्ण हवेत टिकावी म्हणून जादा चुना घातलेली पावडर.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, आणि संडासाच्या अ‍ॅसिडपासून लांब. दोन्ही एकत्र झाली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.