सरकारवर टीका करणारी पोस्ट टाकली तर अटक होते का? मी म्हापशात कॉलेजला आहे
नुसत्या टीकेसाठी होऊ नये रे. पूर्वी आयटी कायद्यात कलम ६६अ होतं, ऑनलाइन आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून पकडायचं, २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून पकडलं तेव्हा श्रेया सिंघल नावाची २१ वर्षांची पोरगी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते कलमच उडवलं. पण ६९अ अजून आहे, त्याखाली केंद्र सरकार पोस्ट, अकाउंट, अख्खं अ‍ॅप ब्लॉक करू शकतं (टिकटॉक २०२० ला असंच गेलं) आणि ब्लॉक करण्याच्या २००९ च्या नियमांत हे सगळं गुप्त ठेवायची सोय, म्हणजे कारण बऱ्याचदा कळतच नाही, मला हेच जास्त खटकतं. बाकी धर्मावरून कुणाला डिवचू नको, तिथे वेगळी कलमं लागतात, मग रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनला खेपा घालत बसशील.