सेल्फ दाबला की नुसतं टकटक

प्रश्न : चिपळूणला राहतो. पाऊस सुरू झाल्यापासून १५० सीसीची गाडी सेल्फवर उठत नाही. नुसती टकटक होते, मीटरचे दिवे मंदावतात. धक्का मारला की लगेच सुरू. बॅटरी चार्ज करून आणली, आठवड्यात पुन्हा तेच. नवीन घेऊ का?

उत्तर : थांबा, एवढ्यात खिसा हलका करू नका. धक्क्यावर उठते म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल शाबूत. आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. कोकणातल्या दमट हवेत तिथे हिरवट-पांढरी भुकटी धरते. निगेटिव्ह वायर आधी सोडा, घासून कोरडं करा, आवळा, वर व्हॅसलीन. इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची वायरही तपासा, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, बॅटरीला लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. पूर्ण चार्ज असूनही सेल्फ दाबल्यावर साडेनऊच्या खाली कोसळले तर बॅटरी गेली. पण मला संशय चार्जिंगचाच येतो. गाडी चालू करून रेस द्या : १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. १२ वरच अडकले तर रेक्टिफायरचा (इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीच्या चार्जिंगलायक करणारा भाग) कनेक्टर उघडा. आतलं प्लॅस्टिक तपकिरी, वितळलेलं दिसलं की चोर सापडला. कनेक्टर बदला, मग रेक्टिफायर तपासून घ्या. हे न करता नवी बॅटरी टाकलीत तर तीही अशीच बसेल.