ब्रेड मशीनमधला ब्रेड छान फुगतो आणि भाजताना मधोमध खचतो, असं का?

बहुतेक वेळा पाणी किंवा यीस्ट जास्त पडल्यामुळे: भाजायच्या आधीच पीठ वाजवीपेक्षा जास्त फुगतं, आतली जाळी ताणून कमकुवत होते आणि उष्णता लागली की खाली बसते. हाताने करताना पीठ दुप्पट झालेलं दिसलं की आपण ते ओव्हनमध्ये सरकवतो. मशीन घड्याळावर चालतं, पिठाकडे त्याचं लक्ष नसतं. दोन्ही प्रकारे ब्रेड करते, त्या अनुभवावरून सांगते, कपाऐवजी वजनकाटा वापरा. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण ३०० ते ३२५ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९-१० ग्रॅम मीठ. मीठ वगळू नका, यीस्टला तेच आवर घालतं. मळणी सुरू होऊन दहा मिनिटं झाली की झाकण उघडून बघा (बिनधास्त, या टप्प्यावर काही बिघडत नाही). गोळा भांड्याच्या कडा सोडत नसेल तर चमचाभर मैदा घाला. उकाड्यात पाणी थंडच घ्या. कणकेच्या ब्रेडला मात्र हे प्रमाण चालणार नाही, कोंडा पाणी जास्त पितो.