'गुदमरणे' कुठे आणि 'घुसमटणे' कुठे?

अरे भाषांतर मस्त जमलंय, टेन्शन घेऊ नकोस, फक्त श्वास अडकला की तू सगळीकडे 'गुदमरणे' टाकतोयस तेवढं बघ. सुरुवातीला एवढंच पाळ:

- धूर, गर्दी, बंद खोली असेल तर गुदमरणे. घास अडकून खोकला आला तर साधा ठसका लागतो, आणि बुडणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जातं.
- मनाचं असेल तर घुसमट किंवा कोंडमारा. सासरी सुनेची घुसमट होते, तिथे 'ती गुदमरली' लिहिलंस तर वाचणारा आधी गॅस बंद करायला धावेल :)
- 'दम घुटतोय' हे हिंदी. आणि 'घुटमळणे' वेगळंच, माणूस दाराशी घुटमळतो म्हणजे आत जाऊ की नको करत रेंगाळतो. मी पण आधी हीच माती खाल्लीये.

सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे गुदमरणे अकर्मक आहे, त्यामुळे 'त्याने तिला गुदमरलं' होत नाही, उशी दाबून मारलं, गळा आवळला असं काय केलं तेच सरळ लिही, 'गुदमरवलं' चालतं पण कानाला खटकतं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची आवृत्ती) नंतर बघ, आत्ता उघडलास तर त्यातच अडकशील. दुसरा परिच्छेद सुधारून टाक, बघतो.