‘रन’ म्हणजे पळणे, मग ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे काय?

ती दुकान चालवते. पळण्याचा इथे संबंधच नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०११ च्या सुमारास या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले होते! ते पाठ करत बसू नका. तिथे मराठीत आपण काय म्हणतो ते आधी आठवा. यंत्र त्यांचं पळतं, आपलं चालतं. सर्दीत त्यांचं नाक पळतं, आपलं वाहतं. नवी लाल ओढणी पांढऱ्या सदऱ्यासोबत भिजवली आणि सदरा गुलाबी झाला, की आपण म्हणतो रंग गेला; इंग्रजीत ‘द कलर रॅन’. दूध संपलं तर ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’, यातलं ‘आउट ऑफ’ मात्र विसरू नका. आणि अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.